द्राक्षबागेतल्या रास्पबेरी पायवर 'आर' बसवावे की बसवू नये?

बागवाला_मास्तर

नमस्कार मंडळी. महाविद्यालयात तेवीस वर्षे संख्याशास्त्र शिकवून मी अलीकडेच निवृत्त झालो आणि आता तासगाव तालुक्यातली घरची दोन एकर द्राक्षबाग पाहतो. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत रास्पबेरी पाय ३ हा एक छोटा संगणक ठेवला आहे. त्याला तापमान, आर्द्रता आणि पानांचा ओलावा मोजणारे संवेदक जोडले असून दर दहा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला १४४ ओळी, सीएसव्ही फाइलमध्ये जमा होतात. गेल्या दोन हंगामांतल्या माझ्या वहीतल्या नोंदींवरून मी डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाच्या धोक्याचे एक साधे लॉजिस्टिक प्रतिमान घरच्या लॅपटॉपवर 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत तयार केले आहे. फळछाटणीनंतरच्या दिवसांत ते रोज पहाटे बागेतच आपोआप चालावे आणि फवारणी करायची की नाही याचा अंदाज उजाडण्यापूर्वी हाती यावा, एवढीच इच्छा आहे.

पायवर डेबियन लिनक्सची ३२ बिटांची बुल्सआय आवृत्ती आहे. 'आर' सहज बसले. नंतर मी नेहमीच्या सवयीने 'आर'च्या आतूनच टायडीव्हर्स हा पॅकेजांचा संच बसवण्याची आज्ञा दिली आणि प्रोसेसरच्या चार गाभ्यांचा पूर्ण उपयोग व्हावा म्हणून मेकफ्लॅग्ज या सेटिंगमध्ये एकाच वेळी चार कामे चालवण्याची सूचनाही लिहून ठेवली. रात्री नऊला सुरू केलेले काम सकाळी पाहतो तो यंत्र निपचित पडलेले होते. बंद करून पुन्हा चालू केल्यावर नोंदींमध्ये 'सीसी१प्लस' नावाचा कार्यक्रम 'किल्ड' झाल्याचे दिसले. हा खून कोणी केला आणि यापुढे मी काय करावे?

मध्यममार्गी

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही एक पाय धूळ खात पडला आहे.

शून्यापासून_मोजणारा

मास्तर, खून लिनक्सच्या गाभ्यानेच (कर्नेलने) केला आहे आणि तो त्याच्या कर्तव्याचा भाग होता. स्मृती (रॅम) संपत आली की गाभा सर्वांत जास्त जागा अडवणारी प्रक्रिया निवडून बंद करतो. आपल्या बाबतीत ती सी++चा संकलक (कंपायलर) होती.

मुळात तिथे संकलक चालूच का झाला, हे समजून घेतले पाहिजे. विंडोज आणि मॅकसाठी क्रॅनवर, म्हणजे 'आर'च्या अधिकृत भांडारात, पॅकेजे आधीच संकलित करून ठेवलेली असतात, म्हणून लॅपटॉपवर ती मिनिटाभरात बसतात. लिनक्ससाठी क्रॅन फक्त मूळ संहिता (सोर्स कोड) देते आणि संकलनाचे सगळे काम आपल्या यंत्रावर येऊन पडते. टायडीव्हर्स म्हणजे एक पॅकेज नव्हे, त्याच्या मागे वऱ्हाड येते, आणि त्या वऱ्हाडातल्या अनेकांची संहिता सी++मध्ये आहे. अशी एकेक फाइल संकलित करताना शेकडो मेगाबाइट स्मृती लागू शकते. पाय ३ मध्ये सारी मिळून १ गिगाबाइट आहे, बुल्सआयमध्ये स्वॅप, म्हणजे कार्डावरची जादा स्मृती, मुळात १०० मेगाबाइटचाच असतो आणि आपण एकाच वेळी चार संकलक कामाला लावलेत. चार गाभे आहेत म्हणून चार कामे लावावीत हे प्रयोगशाळेतल्या संगणकावर ठीक असले, तरी इथे हिशेब गाभ्यांचा करायचा नसून स्मृतीचा करायचा आहे.

उपाय सोपा आहे. डेबियनच्या भांडारात 'आर'ची शेकडो पॅकेजे संकलित होऊन तयार आहेत आणि त्यांची नावे 'आर-क्रॅन-' अशी सुरू होतात. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आर-क्रॅन-डीप्लायर' असे दिले की काम काही मिनिटांत होते, सोबत लागणारी सिस्टिमची लायब्ररीही आपोआप येते आणि संकलकाचे तोंडही पाहावे लागत नाही. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टंकाव्यात.)

लॅबमधल्या_बाई

कंसातली सूचना अनाठायी नाही. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने फळ्यावरची आज्ञा खरोखरच देवनागरीत टंकली होती आणि अशी कोणतीही आज्ञा अस्तित्वात नाही, असे उत्तर आल्यावर संगणकाला मराठी येत नसल्याची रीतसर तक्रारही माझ्याकडे केली होती.

पुणेरी_कर्नल

शून्यापासून मोजणाऱ्यांच्या निदानाशी मी सहमत आहे, पण उपायाशी पूर्णपणे नाही. भांडारातून घ्या म्हणणे सोपे आहे. त्याची किंमत कोणती, तेही सांगायला हवे. बुल्सआयमध्ये 'आर'ची ४.०.४ ही आवृत्ती मिळते आणि डेबियनच्या पुढच्या बुकवर्म आवृत्तीत ४.२.२. उभ्या रेघेपुढे 'पेक्षा मोठे' हे चिन्ह देऊन लिहिला जाणारा 'आर'चा स्वतःचा पाइप, म्हणजे एका फलनाचे उत्तर पुढच्या फलनाला देणारे चिन्ह, ४.१.० या आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली आला, आणि उलट्या तिरप्या रेघेने फलन लिहिण्याची आखूड पद्धतही त्याच आवृत्तीत आली. मास्तरांनी घरच्या लॅपटॉपवर यांपैकी काही वापरले असेल, तर बागेतला पाय ती फाइल वाचतानाच वाक्यरचना चुकल्याची ओरड करील आणि पहाटे साडेचारला कोणालाच काही कळणार नाही.

बागवाला_मास्तर

कर्नलसाहेब, आपण माझी फाइल पाहिल्यासारखेच बोलता आहात. ती पाइपांनी भरलेली आहे.

शून्यापासून_मोजणारा

मुद्दा मान्य आहे. पण त्याला उत्तर आवृत्ती वाढवणे हेच असले पाहिजे असे नाही. पाइप काढून फाइल साध्या 'आर'मध्ये लिहिता येते. १४४ ओळींचे सरासरीकरण करायला टायडीव्हर्स कशाला हवे? वर्षभराच्या नोंदी धरल्या, तरी ५२,५६० ओळी होतात आणि चार स्तंभांचे आकडे जेमतेम १.७ मेगाबाइट स्मृती घेतात. 'ॲग्रीगेट', 'टीॲप्लाय' आणि 'जीएलएम' ही सगळी फलने मुळातच 'आर'बरोबर येतात. खरे तर 'आर-बेस'चीही गरज नाही. 'आर-बेस-कोअर' पुरेसे आहे. संकलनाची सामग्री 'आर-बेस-डेव्ह'मध्ये असते, ती बसवूच नये, म्हणजे पुन्हा मोह होणार नाही.

ऑकलंडकर

थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच परके नाही. मी राहतो त्या गावातल्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 'आर'ला जन्म दिला. त्यांच्या विभागातल्या मॅकिंटॉशच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकवायला योग्य असे काही मिळेना, ही सुरुवातीची प्रेरणा होती. बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या 'एस' भाषेचे रूप त्यांनी घेतले, १९९५ साली संहिता जीपीएल परवान्याखाली खुली केली आणि १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. सांगायचे एवढेच की ज्या प्रयोगशाळेसाठी ही भाषा घडली, तिथल्या यंत्रांपुढे मास्तरांचा पाय ३ म्हणजे राक्षस आहे. 'आर' जड नाही. आपण त्यावर चढवलेले दागिने जड आहेत.

मध्यममार्गी

दागिन्यांवरून आठवले, 'आर'मध्ये काम करायच्या आरस्टुडिओ या साधनाचे काय? ब्राउझरमधून चालणारा सर्व्हर पायवर बसवला, तर घरी बसून बागेतले पाहता येईल का?

पुणेरी_कर्नल

पायमध्ये असतो त्या एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठी ३२ बिटांत आरस्टुडिओ सर्व्हरची तयार अधिकृत आवृत्ती मिळत नाही. संहितेपासून संकलित करणारे हौशी लोक आहेत, परंतु ज्या यंत्रावर टायडीव्हर्स संकलित होताना प्राण गेला, तिथे त्याचा विचारही करू नये. एसएसएचने दुरूनच आत शिरावे, 'नॅनो' या संपादकात फाइल सुधारावी आणि 'आरस्क्रिप्ट'ने चालवावी.

लॅबमधल्या_बाई

माझा अनुभव वेगळ्या परिस्थितीतला आहे, तरी उपयोगी पडेल असे वाटते. आमच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणकांवर उबुंटू आहे. पूर्वी प्रत्येक सत्राच्या आरंभी पॅकेजे संकलित करण्यात दोन दिवस जात असत आणि तेही सरळपणे जात नसत. कधी 'एक्सएमएल२' या पॅकेजला 'लिबएक्सएमएल२-डेव्ह' ही सिस्टिमची लायब्ररी सापडत नसे, कधी 'कर्ल'ला 'लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह' नसे, आणि नकाशांसाठी 'एसएफ' हवे म्हटले की जीडॅल, जिऑस आणि प्रोज या तीन लायब्रऱ्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. विद्यार्थी शेवटची ओळ वाचून 'बसले नाही' एवढेच सांगत. त्या पसाऱ्यात बरेच वर, डेबियन आणि उबुंटूवर नेमके कोणते पॅकेज बसवावे याचे नाव बहुधा छापलेले असते. ते वाचण्याची शिस्त लावणे हेच माझे निम्मे काम होते.

आता आम्ही डर्क एडेलब्युटेल यांनी चालवलेले 'आरटूयू' वापरतो. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांसाठी क्रॅनची पॅकेजे संकलित रूपात ॲप्टमधूनच मिळतात आणि अख्खे टायडीव्हर्स चहा गार होण्यापूर्वी बसते. मात्र हे उबुंटूसाठी आहे. पायवरच्या डेबियनला उबुंटूचे भांडार जोडण्याचा प्रयोग कृपया कोणी करू नये. मी एका जुन्या लॅपटॉपवर केला होता आणि त्यानंतर त्या लॅपटॉपवर काहीच बसेना, काहीच निघेना.

कोपऱ्यातला_वाचक

बाईंच्या इशाऱ्यात एक भर घालतो. माझ्याकडे पहिल्या पिढीचा पाय झीरो आहे आणि त्याचा प्रोसेसर एआरएमव्ही६ जातीचा आहे. डेबियनची 'आर्मएचएफ' पॅकेजे एआरएमव्ही७साठी बनतात. रास्पबेरीवाले तीच संहिता एआरएमव्ही६साठी वेगळी संकलित करतात, पण दोन्ही भांडारांत नाव 'आर्मएचएफ' असेच असते. मी शहाणपणाने थेट डेबियनचे भांडार जोडले. सगळे विनातक्रार बसले आणि 'आर' सुरू करताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढे दोन शब्द उमटून संपले. मला आधी वाटले की माझ्या लेखनात काही बेकायदेशीर आहे.

बागवाला_मास्तर

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न विचारतो. ३२ बिटांची व्यवस्था काढून ६४ बिटांची टाकावी का? पाय ३ ते पेलतो असे वाचले आहे.

पुणेरी_कर्नल

पेलतो, पण १ गिगाबाइट स्मृती असताना त्याचा लाभ नाही. 'आर'च्या स्मृतीतला मूलभूत कोष ३२ बिटांवर २८ बाइटचा असतो आणि ६४ बिटांवर ५६ बाइटचा. म्हणजे घर तेवढेच आणि माणसे लठ्ठ. ४ गिगाबाइटचा पाय ४ असता, तर मी डोळे मिटून ६४ म्हटले असते.

लॅबमधल्या_बाई

कर्नलसाहेब, स्मृतीचे ठीक आहे, पण अचूकतेचेही पाहावे. 'आर' बेरीज आणि सरासरी काढताना आतल्या आत 'लाँग डबल' हा दशांश संख्यांचा जास्त अचूक प्रकार वापरते. इंटेलच्या यंत्रांवर तो ८० बिटांचा असतो आणि ३२ बिटांच्या एआरएम लिनक्सवर साध्या 'डबल'इतकाच, म्हणजे ६४ बिटांचा. त्यामुळे लॅपटॉपवरचे आणि बागेतले उत्तर शेवटच्या एखाद्या अंकात वेगळे येऊ शकते. मास्तर, आपण दोन्हीकडची उत्तरे 'आयडेंटिकल'ने ताडून पाहिलीत तर विनाकारण घाबराल. 'ऑल डॉट इक्वल' वापरा. आपल्याला हे सांगायला नको, तरी 'आर'च्या अधिकृत प्रश्नोत्तरांतला, दशांश संख्या तंतोतंत का जुळत नाहीत याबद्दलचा, ७.३१ हा प्रश्न विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा असे मला नेहमी वाटते.

बागवाला_मास्तर

बाई, सोळाव्या अंकावरून डाऊनी येत नाही, हे शेतकरी म्हणून सांगतो. संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून मात्र आपल्याशी शंभर टक्के सहमत आहे.

जडणघडण

मी एम्बेडेड, म्हणजे उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या, क्षेत्रात काम करतो आणि धाग्याच्या शीर्षकातल्या 'बसवू नये' या बाजूने बोलू इच्छितो. पाय हा एम्बेडेडच्या वेषातला संगणक आहे, कारण त्यावर पूर्ण डेबियन चालते. खरी अडचण तिथून खाली सुरू होते. योक्टो किंवा बिल्डरूट वापरून स्वतःची छोटी लिनक्स प्रतिमा बनवताना सगळे काही आपल्या मोठ्या यंत्रावर दुसऱ्या प्रोसेसरसाठी संकलित केले जाते. 'आर' या रीतीला सहजासहजी वश होत नाही. त्याच्या बांधणीच्या मधल्या टप्प्यात नुकतेच तयार झालेले 'आर' स्वतःच चालवून त्याची मूळ पॅकेजे तयार केली जातात, आणि एआरएमसाठी बनलेले 'आर' इंटेलवर कसे चालणार? क्यूईएमयूच्या साहाय्याने एआरएमचे सोंग आणून ते करता येते आणि मी केलेही आहे, पण त्यात गेलेल्या आठवड्याचा हिशेब मी वरिष्ठांना अजून नीट दिलेला नाही. मायक्रोकंट्रोलरवर तर प्रश्नच उद्भवत नाही. ईएसपी३२मध्ये ५२० किलोबाइट एसरॅम असतो. तिथे 'आर'चे स्वागतपरही मावायचे नाही.

अल्पाइन लिनक्सचा अपवाद सांगायला हवा. त्याच्या भांडारात 'आर' तयार मिळते आणि प्रतिमा आटोपशीर राहते. मात्र ती ग्लिबसीऐवजी मसल या सी लायब्ररीवर उभी असल्यामुळे इतर लिनक्ससाठी संकलित केलेली पॅकेजे तिथे चालत नाहीत आणि पुन्हा संकलकाच्या दारात जावे लागते.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे येतो. प्रतिमान बसवणे आणि प्रतिमान वापरणे ही दोन वेगळी कामे आहेत. गुणक काढायला 'आर' हवे आणि ते घरी लॅपटॉपवर हंगामातून एकदा करायचे आहे. बागेत रोज पहाटे काय करायचे आहे? चार गुणक, चार गुणाकार, एक बेरीज आणि शेवटी एक घातांकी फलन. हे सी भाषेत वीस ओळींत होते, पायथॉनमध्ये त्याहून कमी ओळींत होते आणि पाचशे रुपयांच्या चकतीवरही चालते.

शून्यापासून_मोजणारा

जडणघडण, युक्तिवाद बिनतोड आहे आणि तरीही मी विरोध करणार. मास्तरांना 'आर' येते. सी भाषेतल्या वीस ओळींत चूक झाली, तर ती शोधायला ते आपल्याला पहाटे फोन करणार आहेत का? पुढच्या हंगामात त्यांनी प्रतिमानात एक चल वाढवला की गुणक हाताने उतरवून घ्यायचे, आणि उतरवताना एखादा दशांशचिन्हाचा घोळ ठरलेला. दोन्हीकडे एकच भाषा असेल, तर 'सेव्हआरडीएस'ने प्रतिमान जतन करून ती फाइल पेनड्राइव्हवर नेली की काम झाले.

जडणघडण

फोनचा मुद्दा मान्य. क्रमांक देणार नाही.

मध्यममार्गी

माझ्या नावाला जागून सुचवतो की बागेत 'आर-बेस-कोअर' बसवावे, प्रतिमान घरी करावे आणि संकलन कुठेच करू नये.

बागवाला_मास्तर

धाग्याचे फलित सांगायला आठवड्याने येतो आहे. नवे मेमरी कार्ड घेऊन बुकवर्मची ३२ बिटांची प्रत टाकली, म्हणजे ४.२.२ आले आणि माझे पाइपही वाचले. 'आर-बेस-कोअर' ॲप्टने काही मिनिटांत बसले. टायडीव्हर्स वगळून फाइल नव्याने लिहिली, ती आधीपेक्षा आखूड झाली आणि मला ती जास्त कळतेही. ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये पहाटे साडेचारची वेळ लावली.

दोन अडचणी राहिल्या आहेत. हाताने चालवल्यावर अहवाल उत्तम मराठीत उमटतो, पण क्रॉनने चालवल्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी टोकदार कंसांत 'यू' आणि आकडे दिसतात. आलेखाच्या चित्रात तर नुसते चौकोन आहेत.

लॅबमधल्या_बाई

दोन्ही माझ्या ओळखीच्या आहेत. क्रॉन आपल्या लॉगिनचे वातावरण वापरत नाही, त्यामुळे तिथे 'आर' बहुधा साध्या 'सी' लोकॅलमध्ये, म्हणजे भाषा-लिपीच्या मांडणीत, सुरू होते आणि त्याला देवनागरी छापता येत नाही. क्रॉनच्या फाइलीत वरच्या बाजूला 'लँग' या चलाला यूटीएफ-८ असलेले लोकॅल द्यावे. 'सी डॉट यूटीएफ-८' दिले तरी चालते. चौकोन दिसतात, कारण त्या यंत्रावर देवनागरीचा टंकच नाही. 'फाँट्स-देवा' हे पॅकेज बसवावे. चित्र काढताना 'पीएनजी'ला 'कैरो' हा प्रकार सांगावा आणि पीडीएफ हवी असल्यास साध्या 'पीडीएफ'ऐवजी 'कैरो-पीडीएफ' वापरावे, कारण साध्या 'पीडीएफ'ला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात सर्व आलेखांवर 'द्राक्ष' पाय मोडलेल्या अवस्थेत छापले गेले होते.

कोपऱ्यातला_वाचक

मास्तर, भारनियमनाचे काय केले आहे? लिहिणे चालू असताना वीज गेली की मेमरी कार्ड खराब होण्याची शक्यता असते. मी मधल्या फाइली टीएमपीएफएसवर, म्हणजे स्मृतीतच, ठेवतो आणि दिवसातून एकदाच कार्डावर उतरवतो. हे करताना तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरवर 'नोएक्झेक', म्हणजे तिथून कार्यक्रम चालवायला मनाई करणारा पर्याय, लावला असेल आणि पुढे कधी एखादे पॅकेज संकलित करावे लागले, तर ते तिथेच अडखळते. तेव्हा 'टीएमपीडीआयआर' हे चल दुसऱ्या जागेकडे वळवावे.

बागवाला_मास्तर

पायला छोटी बॅटरी जोडली आहे. बाईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही गोष्टी केल्या आणि आज पहाटे पहिला संपूर्ण मराठी अहवाल मिळाला. आलेखावर 'द्राक्ष' धडधाकट आहे. अहवालानुसार मात्र काल रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी बागेतले तापमान ८५ अंश सेल्सिअस होते. हीसुद्धा 'लाँग डबल'ची करामत समजावी का?

जडणघडण

नाही, हे माझ्या खात्यातले आहे. आपला तापमानाचा संवेदक डीएस१८बी२० असावा. वीजपुरवठा सुरू होताना त्याच्या स्मृतीत ८५ हाच आकडा असतो आणि मापन पूर्ण होण्याआधी वाचले, तर तोच हाती येतो. काल रात्री त्या वेळी वायर हलली असेल किंवा क्षणभर वीज तुटली असेल. 'आर'मध्ये नोंदी वाचून झाल्यावर बरोबर ८५ असलेल्या जागी 'एनए', म्हणजे 'नोंद नाही' हे चिन्ह, भरा, आणि सरासरी काढताना त्या जागा वगळणारे 'एनए डॉट आरएम' द्यायला विसरू नका. वायरचा जोड मात्र डाग देऊन पक्का करावा लागेल, त्याचे पॅकेज ॲप्टमध्ये नाही.

बागवाला_मास्तर

संवेदक तोच आहे. जोडाला चिकटपट्टी होती आणि ती उंदराने कुरतडली आहे.